डच चित्रकारांचीं वादळें

युरोपांतील चित्रकलेचा विषय निघाला कीं आपल्याकडील सुशिक्षितांचें लक्ष प्रथम इटलीकडे जातें, आणि त्यांत वावगें असें कांहीं नाहीं. परंतु आज आम्ही वाचकांस जेथें नेणार आहोंत तो प्रांत निराळा. सतराव्या शतकांतील हॉलंडांत चित्रें विकत घेणारा बहुधा राजा किंवा धर्मपीठ नसे. तो साधा संसारी मनुष्य असे. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी पूर्वीं सुरतेस व आग्र्यास राहून गेला होता. तो १६४० सालीं आम्स्टरडॅमला पोहोंचला, तेव्हां खाटकांच्या व लोहारांच्या दुकानांतहि चित्रें टांगलेलीं पाहून त्यास मोठें नवल वाटलें व तसें त्यानें लिहून ठेविलें आहे. या लोकांच्या घरांत फळाफुलांचीं चित्रें असत, गाईगुरांचीं असत, आणि त्यांच्याच शेजारीं खवळलेल्या समुद्रांत सांपडलेल्या जहाजांचींहि असत. ज्या घराचें पोट समुद्रावर भरतें त्यानें आपल्या दिवाणखान्यांत तेंच संकट टांगून ठेवावें, हें प्रथम ऐकतांना विचित्र वाटतें.

यावर एक हकीकत सांगतों. हॉलंडच्या उत्तरेस टेसेल नांवाचें बेट आहे. त्याच्या आडोशास जहाजें नांगर टाकून अनुकूल वाऱ्याची वाट पाहत. १५९३ च्या २४ डिसेंबर रोजीं तेथें सुमारें १५० जहाजांचा ताफा उभा असतां तुफान झालें. चाळीसएक जहाजें बुडालीं आणि मेलेल्या माणसांची संख्या हजारावर गेली. आम्स्टरडॅमचा व्यापारी व कवि रूमर फिसखर यालाहि त्यांत मोठी ठोकर बसली. पुढें तीनच महिन्यांनीं त्याच्या घरीं कन्या जन्मली. तिचें नांव त्यानें मारिया टेसेलस्खाडे असें ठेविलें. टेसेलस्खाडे म्हणजे ‘टेसेलचें नुकसान’! आपल्याकडे नकोशी झालेल्या मुलीस जीं नांवें ठेवितात त्यांतला हा प्रकार मात्र नव्हे. या मुलीस बापानें उत्तम शिक्षण दिलें, आणि कवयित्री व कांचेवरील कोरीव कामांत निपुण म्हणून तिची ख्याति झाली. ज्या समाजांत आपत्ति अशी नांव घेऊन घरांत वावरते, तेथें ती भिंतीवर चढली तर नवल कसलें? शिवाय एकेका जहाजाची मालकी सोळा, बत्तीस, चौसष्ट हिश्शांत वांटलेली असे; एक तारूं बुडालें कीं कितीतरी घरांस झळ लागे. आपल्या वेंगुर्ल्यास १६३७ पासून ज्या डच कंपनीची वखार होती, तिचीं जहाजेंहि याच टेसेलच्या आडोशाहून निघत.

या चित्रप्रकाराचा मूळ पुरुष हार्लेमचा हेंड्रिक व्रोम. स्पेनकडे जातांना पोर्तुगालच्या किनाऱ्यानजीक त्याचें जहाज फुटलें व तो कसाबसा वांचला. म्हणजे विषय अनुभवाचा होता. त्याच्या मागून आलेल्या यान पोर्सेलिसनें जहाजें लहान केलीं आणि आभाळ मोठें केलें.

परंतु वादळाचा खरा चित्रकार आमच्या मतें लुडॉल्फ बाकहाउझेन (मृत्यु १७०८). हा मुळांत एका व्यापारी पेढीवरील कारकून, अक्षर मात्र मोत्यासारखें. वादळाचीं चिन्हें दिसतांच तो नाव करून समुद्राच्या तोंडापर्यंत जाई, आणि परततांच कोणाशीं न बोलतां पाहिलेलें कागदावर उतरी, असें त्याचा चरित्रकार सांगतो. त्याचें १६६७ सालचें एक चित्र वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहांत आहे. तींत जहाजें मालाचीं आहेत, लढाऊ नव्हेत. अशा चित्रांत लाटांकडे मागाहून पाहावें; प्रथम निशाण कोणत्या दिशेस फडफडतें तें पाहावें व नंतर खडक कोठें आहेत तें शोधावें. वारा खडकांकडे लोटीत असेल तर भय समुद्राचें नसून जमिनीचें आहे, हें ध्यानांत येतें. घरीं बसलेल्या माणसास किनारा म्हणजे आसरा. खलाशास तोच वादळांत काळ. पाण्यावर तरंगणारे डोलकाठीचे तुकडे पूर्वींच कोणाची गत झाली तें सांगतात. गंमत ही कीं, हॉलंडचा किनारा सारा वाळूचा. हे कडे परदेशचे किंवा चित्रकाराच्या मनांतले. दोर व शिडें यांत मात्र कल्पनेस मुभा नव्हती, कारण पाहणारांत निम्मे लोक समुद्रावर जाऊन आलेले.

व्हान डे व्हेल्डे पितापुत्रांविषयीं थोडेंसें. विलेम हेंच नांव दोघांचें. बाप लहानशा नावेंत बसून आरमारी लढायांची रेखाटनें करी, मुलगा त्यांत रंग भरी. १६७२ सालीं फ्रेंचांची स्वारी होऊन हॉलंडांत चित्रांस गिऱ्हाईक उरलें नाहीं, तेव्हां दोघेहि इंग्लंडास गेले. तेथें राजा दुसरा चार्ल्स यानें १६७४ सालीं प्रत्येकास वर्षास शंभर पौंड बांधून दिले. बापास रेखाटनाचे, मुलास रंगांचे. ज्याच्या आरमाराशीं आपलें आरमार कालपर्यंत लढत होतें त्याचें अन्न खाणें आम्हांस खटकतें. पण ज्या घराचें उत्पन्न युद्धानें बुडालें त्यास दूर बसून दोष कोणत्या तोंडानें द्यावा?

सर्वांत प्रसिद्ध डच वादळ रेम्ब्रांटचें, १६३३ सालचें: गॅलिलीच्या सरोवरांत येशू व त्याचे शिष्य. त्यानें जलाशयावरील वादळ एवढें एकच रंगविलें. नावेंतील एक इसम दोर धरून थेट आपल्याकडे पाहतो. तो स्वतः चित्रकारच, असें मानतात. हें चित्र बोस्टनच्या गार्डनर संग्रहालयांतून १८ मार्च १९९० रोजीं चोरीस गेलें. तेथील भिंतीवर त्याची रिकामी चौकट तेवढी टांगलेली आहे.