बेस म्हणजे धडधड नव्हे

मंडळी, आमच्या घराण्यातल्या तरुण मुलांचा नव्या फ्लॅटसाठी स्पीकर घ्यायचा बेत शिजतोय, आणि चर्चा सगळी ‘किती वॅट, किती इंची वूफर’ यावर अडकली आहे. आयुष्यभर खडू घासलेल्या सत्तरीच्या म्हाताऱ्याने रॉकच्या बेसवर बोलावं याची गंमत वाटेल काहींना. पण वय झालं की कानांतून आधी वरचे सूर जातात, खालचे बराच काळ सोबत करतात. म्हणजे बेस हा माझ्या हक्काचा विषय झाला की नाही?

माझं म्हणणं सरळ आहे. निम्मा बेस पेटीत असतो आणि निम्मा खोलीत. घराचे हप्ते डोक्यावर असताना आधी फुकटचा निम्मा पदरात पाडून घ्या.

बेस गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते. हवेतल्या त्या लहरीची लांबी होते २७ फूट... आणि आपली खोली १० बाय १२! बारा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून घुमतो. भिंतीला टेकून बसलात तर तो अंगावर येतो, आणि बरोबर मध्ये खुर्ची टाकलीत तर जवळजवळ गायब. स्पीकर कितीही महागाचा असो. मग लोक बेसचं बटण पिळतात, गिटार आणि गाणारा दोघेही गढूळ होतात, आणि शेवटी आणखी मोठी पेटी घरात येते.

त्यापेक्षा खुर्ची दोन फूट सरकवून बघा. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा. कोपऱ्यात बेस नुसता फुगतो. खोक्यावरचे ते पीएमपीओचे हजारो वॅट विसरा, आरएमएसचा आकडा विचारा. आणि वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने, हेही दुकानदाराला ऐकवा.

पारखायला क्वीनचं १९८० सालचं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ न्या. ते लिहिलं जॉन डीकनने, म्हणजे बँडच्या बेसवाल्यानेच. सगळं गाणं त्या बोटांवर उभं आहे. प्रत्येक सूर सुटा ऐकू आला पाहिजे, आणि संपला की संपला पाहिजे. सगळ्यांचं मिळून एकच ‘धुम्म’ होत असेल तर पेटी नापास!

भोक असलेली पेटी आकाराच्या मानाने जोरात वाजते खरी, पण एका मर्यादेखाली तिचा आवाज झपाट्याने कोसळतो. बंद पेटी सावकाश उतरते. लहान खोली खालच्या सुरांना आयता टेकू देतेच, म्हणून मी बंद पेटीच्या बाजूचा.

सबवूफर घ्यायचाच असेल तर आधी तो तुमच्या बसायच्या खुर्चीवर ठेवा (हो, खुर्चीवर!), गाणं लावा आणि स्वतः भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील, ती त्याची जागा. घरचे हसतात, हसू द्यावं. मग त्याच्याकडे साधारण ८० हर्ट्झच्या खालचंच काम सोपवा.

राहता राहिले शेजारी. बेस भिंती-स्लॅबमधून आरामात पलीकडे जातो, पडद्या-गालिच्यांनी तो अडत नाही. रात्री हेडफोनच बरे. त्यात खोलीच नसते, त्यामुळे वरचा सगळा घोळही नसतो. फक्त छातीवर बसणारा ठोका तेवढा मिळत नाही.