पावतीचे मोल

रुग्णाचा बळी घेणारे बनावट औषध विकणाऱ्यास देहान्त शिक्षा असावी, अशी शिफारस डॉ. रघुनाथ माशेलकर समितीने २००३ मध्ये केली होती. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यात २००८ मध्ये सुधारणा करताना संसद जन्मठेपेवर थांबली. तरीही शिक्षा सौम्य नाही : किमान १० वर्षे कारावास आणि किमान १० लाख रुपये दंड. हा दंड मृताच्या नातलगांना भरपाई म्हणून मिळतो, हे विशेष. ‘मला ठाऊक नव्हते’ एवढे म्हणून विक्रेता सुटत नाही. माल परवानाधारकाकडून घेतल्याचे त्याला सिद्ध करावे लागते. शुल्क भरून संशयित औषध शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा अधिकार कोणालाही आहे. मात्र ते कोणत्या दुकानातले, हे पावतीवाचून कसे दाखविणार? आणि चार रुपयांच्या सवलतीसाठी पावती नाकारणारे ग्राहक तर घरोघरी आहेत.