दिसत नाही म्हणून चोरी नाही?



गोठ्यातली शेळी सोडून नेणाऱ्याला आपण चोर म्हणतो. पण शेजारच्या पोराने पासवर्ड मिळवून आपल्या मुलाच्या मोबाइल-खेळातली तलवार, कपडे, नाणी लांबवली, तर? ‘खेळातलेच ते, त्यात काय गेले!’ म्हणून आपण मोकळे होतो.

गेले ते मुलाच्या कित्येक महिन्यांचे श्रम. पुष्कळदा घरचा रोख पैसाही. हाताला लागत नाही ती वस्तूच नव्हे म्हणाल, तर वीज तरी मुठीत धरता येते का? पाटस-दौंडच्या ऊसपट्ट्यात तिच्यावाचून पान हलत नाही, आणि तारेवर आकडा टाकणे ही २००३ च्या वीज कायद्याने चोरीच आहे.

नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२१ मध्येच वीज चोरता येते असे ठरवले. तोच न्याय २०१२ मध्ये खेळातल्या वस्तूंना लागला. लेवार्डन शहरात २००७ साली १४ व १५ वर्षांच्या दोघांनी १३ वर्षांच्या मुलाला मारून, सुरीचा धाक घालून ‘रूनस्केप’ खेळातला ताईत आणि मुखवटा आपल्या नावे करून घेतला होता. न्यायालयाने चोरी मानली. पण शिक्षा दिली ती काही तास बिनमजुरी कामाची.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. जंगम मालमत्तेच्या व्याख्येतला ‘मूर्त’ हा जुना शब्द तिने गाळला. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्यानेही गुन्हा आहे. मात्र अठराखालच्या मुलाचे असे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. पुण्याचे मंडळ येरवड्यात आहे. समज देणे, समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड असे उपाय त्याच्या हाती असतात. पाच हजारांच्या आतल्या पहिल्या चोरीत माल परत केल्यास मोठ्या माणसालाही समाजसेवेचीच शिक्षा आहे. मग पोराला कोठडी कशाला?

माझे मत सांगतो. चोरीला चोरीच म्हणावे, पण आधी घरात निवाडा करावा. दोन्ही घरच्यांनी एकत्र बसावे. वस्तू परत द्यावी, मुलाने स्वतःच्या तोंडाने माफी मागावी, पैसा गेला असेल तर सुट्टीत खुरपणी करून फेडावा. मारहाण, धमकी झाली असेल तर मात्र झाकून ठेवू नका; पोलिसांकडे जा. बँकेतून पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

ऊस कलला म्हणून कोणी उपटत नाही. आपण भर लावतो. पण ती वेळेवरच लावावी लागते.