विकास आकार घेतलात, आता गल्लीचा हिशोब द्या

प्रति,
मा. प्रधान सचिव,
नगरविकास विभाग, मंत्रालय, मुंबई

महोदय,

नांदेड-लातूरच्या गुंठेवारी वसाहतींवर, म्हणजे बिनशेती न करता शेताचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवर उभ्या वस्त्यांवर, निवेदने देऊन देऊन थकायची वेळ आली, म्हणून पार्श्वभूमी पुन्हा सांगत नाही. मागणी एकच आहे. घर नियमित करताना नियमभंगाबद्दल जे प्रशमन शुल्क आणि सोयींसाठी जो विकास आकार घेतला जातो, तो पैसा त्याच वसाहतीच्या नाली-रस्ते-नळांवर खर्च व्हावा आणि त्याचा हिशोब तिथल्या रहिवाशांना मिळावा. 2001 चा गुंठेवारी कायदा घराला नुसता कागद देण्यासाठी झालेला नाही. वसाहतीची श्रेणीवाढ हे त्याचे उघड उद्दिष्ट आहे. कागदाचे पैसे आधी भरून घ्यायचे आणि नालीचा विषय पुढच्या अंदाजपत्रकावर ढकलायचा, हे त्या कायद्यात बसत नाही.

एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. शंभर रुपयांच्या बाँडवर अर्धा गुंठा घेतलेल्याच्या वाट्याला साडेपाचशे चौरस फूटही येत नाहीत. त्यातच दोन खोल्या, जिना, सेप्टिक टँक आणि बोअर. टाकी आणि बोअर यांत अंतर सोडायला जागाच उरत नाही. ड्रेनेजची लाइन नसेल तर टाकीतले पाणी मुरते ते त्याच जमिनीत, आणि वर उपसले जाते तेही तिथूनच. एप्रिल 2016 च्या पाणीटंचाईत लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाणी शहरापर्यंत आणता येते. पण ज्या बोळात टँकर वळत नाही, तिथे ते डोक्यावरूनच न्यावे लागते. नांदेडच्या सखल भागात नाली नसलेल्या गल्लीत पावसाचे पाणी थेट उंबरा ओलांडते. घर कागदावर नियमित झाले तरी यातले काहीच बदलत नाही.

नियम मोडणाऱ्यांचे लाड कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण नियम आधी मोडला तो बिनशेती न करता शेताचे तुकडे विकणाऱ्याने. तो पैसे घेऊन मोकळा झाला. सातबाऱ्यावरच्या सामाईक नावांत अडकला तो शेवटचा खरेदीदार. शिवाय नियमित होऊ शकणाऱ्या गुंठेवारीची मुदत 1 जानेवारी 2001 वरून 31 डिसेंबर 2020 पर्यंत शासनानेच नेली. तुकडेबंदी मोडून झालेले व्यवहार नियमित करण्याचे शुल्क 2017 मध्ये बाजारमूल्याच्या 25 टक्के होते, 2024 मध्ये 5 टक्के झाले, 2025 मध्ये माफ झाले. महापालिका हद्दीतल्या 600 चौरस फुटांपर्यंतच्या अनधिकृत घरांना दंड म्हणून लागणारी शास्तीही माफ झाली. ही घरे इथेच राहणार, हे शासनाने वारंवार मान्य केले आहे. मग नाली मागितली की ‘वसाहत अनधिकृत’ हे उत्तर कोणत्या तोंडाने दिले जाते?

दुसरा आक्षेप पैशाचा. महापालिकांची तिजोरी तंग आहे, हे खरे. गोळा झालेल्या आकारात सगळी कामे होणार नाहीत, हेही मान्य. पण विकास आकार सोयींसाठीच घेतला जातो. पगार आणि वीजबिल भागवण्यासाठी तो नाही. रक्कम अपुरी असेल तर हिशोबाची गरज उलट वाढते. किती जमले, कुठे खर्चले, किती कमी पडते आणि ती तूट शासन भरणार की पालिका, हे कळले पाहिजे.

म्हणून प्रत्येक वसाहतीचे स्वतंत्र खाते उघडा. त्याचा जमाखर्च क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावा. आकार भरून घेतल्यापासून वर्षाच्या आत नालीचे काम सुरू करण्याचे बंधन महापालिकांवर घाला. हे जमणार नसेल, तर आकार घेणे आजच थांबवा. सोय न देता सोयीचे पैसे घेणे ही निव्वळ वसुली आहे, आणि ती सर्वात लहान घरांकडून होते आहे.

आपला,
मराठवाड्यातील एक करदाता