मेहरचा हुंडा होतो तेव्हा

काही महिन्यांपूर्वी एका बहिणीचा फोन आला. तलाकनंतरच्या हक्कांची माहिती देणारे एक छोटे ॲप आम्ही चार मित्रांनी मिळून तयार केले होते आणि त्यातला मदतीचा नंबर माझा होता. ती म्हणाली, "भाई, ॲपमध्ये लिहिलंय की न दिलेला हुंडा बायकोला मिळतो. पण अब्बांनी तर लग्नात सगळा हुंडा दिला होता, काहीच बाकी ठेवलं नव्हतं. मग मला काही मिळणार नाही ना?"

मी मूळ इंग्रजी मजकूर उघडला. तिथे 'डावर' हा शब्द होता. डावर म्हणजे मेहर. भाषांतर करणाऱ्या क्लाउड सेवेने त्याचा 'हुंडा' करून टाकला होता. या बहिणीच्या निकाहनाम्यात मेहरची रक्कम लिहिलेली होती आणि त्यातला एक रुपयाही तिला मिळालेला नव्हता. 'आता काही देणेघेणे उरलेले नाही' अशा कागदावर ती दोन दिवसांत सही करणार होती.

मेहर नवऱ्याकडून बायकोला मिळते, हुंडा मुलीच्या बापाकडून उकळला जातो. एक तिचा हक्क, दुसरा गुन्हा. कायद्यालाही हा फरक ठाऊक आहे. १९६१च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंड्याची व्याख्या करतानाच मुस्लिमांमधील मेहर त्यातून वगळली आहे. १९८६च्या कायद्याने तलाकशुदा स्त्रीला ठरलेल्या मेहरइतकी रक्कम मिळण्याचा हक्क दिला आहे. जो फरक कायद्याने साठ वर्षांपूर्वी नोंदवला, तो आमच्या ॲपने एका क्लिकसरशी पुसला.

दोष यंत्राचा म्हणून मी सुटू शकत नाही. ॲपमधला सगळा मजकूर मी त्या सेवेकडे पाठवला, आलेली मराठी जशीच्या तशी ठेवली आणि बटणे नीट दिसतात की नाही एवढेच तपासले. मराठी वाचली नाही. आमच्या धंद्यात हे रोज घडते.

या सेवा चालतात कशा, हे थोडक्यात सांगतो. ॲपमधले प्रत्येक वाक्य इंटरनेटवरून एका कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि क्षणभरात दुसऱ्या भाषेत परत येते. यंत्राला व्याकरण कोणी शिकवलेले नसते. दोन भाषांतली लाखो जोडवाक्ये वाचून ते अंदाज बांधायला शिकते. गुगलने ही पद्धत २०१६मध्ये आणली आणि २०१७मध्ये मराठीला लागू केली. तेव्हापासून मराठी भाषांतर बरेच सुधारले, हे मान्य करायला हवे. पण जे यंत्राने वाचले, तेच त्याला येते. मराठीच्या लिखित साठ्यात हुंडा पानोपानी भेटतो, मेहर क्वचित. 'खुला' या शब्दाचेही तसेच. आपल्या घरात त्याचा अर्थ बायकोने मागितलेला तलाक, यंत्रासाठी मात्र दार उघडे असते तसा 'खुला'. शिवाय उर्दूतून मराठीत येताना अनेक सेवा मध्ये इंग्रजीचा मुक्काम करतात. अम्मीला म्हटलेले 'आप' तिथे 'यू' होते आणि मराठीत कधी 'तू' होऊन उतरते.

म्हणजे आपल्या बोलण्यातले शब्द मराठीत कोणी लिहिले नाहीत, तर यंत्रासाठी ते मराठीत नाहीतच. मराठी ही आपली भाषा आहे, हे आपण सभांमधून ठासून सांगतो. पण निकाहनामा, इद्दत, वक्फ, खुला यांबद्दल साध्या मराठीत किती लिहिले? हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारतो.

मग या सेवा वापरायच्याच नाहीत का? तसे मी म्हणणार नाही. गुगलच्या क्लाउड सेवेचा साधा दर दहा लाख अक्षरचिन्हांमागे २० डॉलर आहे. काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हे वेगळी मोजली जातात. तरीही या लेखाएवढा मजकूर दहा रुपयांच्या आसपास भाषांतरित होतो. ज्या संस्थेकडे पगारी माणूस नाही, तिच्यासाठी ही मोठी सोय आहे. आयआयटी मद्रासच्या 'एआयफॉरभारत' या गटाने तर २२ भारतीय भाषांचे मॉडेल सर्वांसाठी खुले केले आहे. ते आपल्या संगणकावरही चालवता येते.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. फोन करणाऱ्या बहिणीने आपली कहाणी चॅटमध्ये लिहिली असती, तर नवऱ्याचे नाव, मारहाण, मुलांचे वय हे सगळे भाषांतरासाठी तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर गेले असते आणि तिला पत्ताही लागला नसता. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार माहिती घेतानाची सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषांतही वाचता आली पाहिजे. म्हणजे मराठीत आणि उर्दूतही. ती सूचना तरी यंत्रावर सोडू नका.

आम्ही आता तीन नियम पाळतो. कायदा, औषध आणि पैसा यांविषयीचे एकही वाक्य माणसाने वाचल्याशिवाय बाहेर जात नाही. माणसांची गाऱ्हाणी भाषांतरासाठी बाहेरच्या सर्व्हरवर जात नाहीत. आणि तिसरा नियम शब्दसूचीचा. बहुतेक मोठ्या सेवांत 'हा शब्द असाच ठेव' असे सांगायची सोय असते. आम्ही 'डावर'समोर 'मेहर' लिहिले. तरी विभक्ती कधी तुटते, 'मेहर ची' असे येते. ते हाताने जोडावे लागते.

आमची सूची आज जेमतेम चाळीस शब्दांची आहे. ती एकट्या इंजिनिअरने करायचे काम नाही. रत्नागिरीची मुलगी जो शब्द वापरते, तो बीडच्या मुलाला वेगळा वाटेल. वकिलाला एक अर्थ कळतो, आजीला दुसरा. म्हणून तुम्हाला विनंती आहे. घरात बोलला जाणारा, पण मोबाईलला न कळणारा एक शब्द लिहा, त्याचा अर्थ सांगा आणि त्याचे एक मराठी वाक्य करून या नियतकालिकाकडे पाठवा. केंद्र सरकारच्या 'भाषिणी' प्रकल्पात 'भाषादान' नावाची सोय आहे, तिथेही आपला आवाज आणि आपली वाक्ये देता येतात.

त्या बहिणीने सही केली नाही. ती आता वकिलाकडे जाते आहे. तिने फोन केला म्हणून आम्हाला चूक कळली. ज्यांनी ॲप वाचले आणि फोन न करता बंद केले, त्या किती जणी होत्या, हे मला कधीच कळणार नाही.