पडल्यानंतरचं बोलणं
गेल्या वर्षी मी घोड्यावरून पडले. हाड मोडलं नाही, धीर मात्र सुटला. घरचे म्हणाले, "बाईमाणसाला हवीतच कशाला ही थेरं?" भाऊ मोटारसायकलवरून पडला तेव्हा असं कुणी म्हणालं नव्हतं.

तबेल्यात घोडे पाळणाऱ्या आम्ही चौघी. खरारा करताना रोजचं बोलू लागलो. आज नुसता लगाम धरला, आज दोन फेऱ्या मारल्या. भीती सांगितली तर कुणी हसलं नाही.

पोलिओनं पाय अधू झालेली डेन्मार्कची लिस हार्टेल घोड्यावर चढायला मदत घेई. १९५२च्या ऑलिंपिकमध्ये तिनं रौप्यपदक मिळवलं. मग आधार मागण्यात कमीपणा कसला?

महिन्याभरानं मी दुडक्या चालीनं फेरी मारली. मैत्रिणींनो, भित्रेपणा हा बाईचा स्वभाव नव्हे. भीती एकटीनं गिळायची, हे आपल्याला शिकवलेलं असतं.