सिरोटोनिन कमी, की ताटातले वरण कमी?

गेल्या महिन्यात आमच्या सोलापूरच्या समुपदेशन केंद्रात एक विडी कामगार मावशी आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, दिवसा कशात मन रमत नाही. हातात डॉक्टरांची चिठ्ठी. वर गोळ्यांची नावे, खाली आहार : दूध, अंडी, पनीर, बदाम, केळी. "तुमच्या मेंदूतलं सिरोटोनिन कमी झालंय," एवढेच त्यांना सांगितले होते. त्यांनी मला विचारले, "ताई, हे कुठल्या दुकानात मिळतं?"

मला हसू आले नाही, राग आला. तो मावशींवर नव्हता.

मैत्रिणींनो, आधी शास्त्र समजून घेऊ. ती काही डॉक्टरांची मक्तेदारी नाही. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतले एक ट्रिप्टोफॅन. शरीराला ते स्वतः तयार करता येत नाही, अन्नातूनच मिळवावे लागते : डाळी, शेंगदाणे, तीळ, दूध, अंडी, मासे-मटण. मेंदू त्यापासून सिरोटोनिन बनवतो; त्याचा मनःस्थितीशी संबंध आहे. सिरोटोनिनपासून रात्री मेलाटोनिन बनते, ते शरीराला झोपेची वेळ कळवते. या साखळीत लोह आणि ब-६ जीवनसत्त्वही लागते. शिवाय रक्तातून मेंदूत शिरताना ट्रिप्टोफॅनला इतर अमिनो आम्लांशी स्पर्धा करावी लागते. त्यामुळे 'झोपताना दूध-केळे घ्या, उदासी पळेल' हा सल्ला अर्धवट आहे.

'सिरोटोनिन कमी म्हणून नैराश्य' हे सरळसोट समीकरणही टिकलेले नाही. २०२२ साली जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी आधीच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला, तेव्हा त्याला सातत्यपूर्ण पुरावा मिळाला नाही. म्हणून गोळ्या फेकून द्या, असे मी म्हणत नाही. अनेकींना त्यांनी उतार पडतो, आणि त्या मनाने अचानक बंद करणे धोक्याचे असते. माझे भांडण गोळीशी नाही. गोळी लिहून दिली की बाईचा प्रश्न मिटला, या समजुतीशी आहे.

पण आपणही एक चूक केली. 'सगळे व्यवस्थेमुळे होते' असे म्हणताना आपण बाईच्या शरीराकडे पाठ फिरवली. व्यवस्था शरीरात शिरते ती ताटातून. पेलाग्राचे उदाहरण घ्या. या रोगात कातडीवर चट्टे उठतात, जुलाब होतात, झोप उडते, माणूस उदास होतो, पुढे भ्रमिष्टही होतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात असे कितीतरी रोगी वेड्यांच्या इस्पितळात होते. तिथे रोगी आजारी पडतात, कर्मचारी पडत नाहीत, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी हेरले आणि १९१५ च्या सुमारास दाखवून दिले की दोष अन्नाचा आहे. नायासिन हे जीवनसत्त्व आणि ते ज्यापासून शरीर बनवू शकते ते ट्रिप्टोफॅन, दोन्ही त्या गरिबांच्या जेवणात अपुरे होते. आपल्या दख्खनमध्येही ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत हा रोग होता. हैदराबादचे डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्यूसिन या दुसऱ्या अमिनो आम्लाशी जोडला. या कारणावर पुढे वाद झाला. पण भाकरी गुन्हेगार नाही. भाकरीबरोबर दुसरे काहीच नसणे, हा गुन्हा आहे.

मी मावशींना विचारले, "काल काय जेवलात?"

"भाकरी न् ठेचा. वरण होतं, पण पोरं न् मालक जेवल्यावर भांड्यात काय उरलं नाही."

"आणि झोपता कधी?"

"अकरापर्यंत विड्या वळते. पहाटे चारला नळाला पाणी येतं. मधे मालक पिऊन आले तर तेवढीपण नाही."

चिठ्ठीवर यातले एक अक्षर नव्हते. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोज २९९ मिनिटे जात होती, पुरुषाची ९७. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता. अशा बाईला बदाम खा म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. सरकारला तरी ती कधी दिसते? पोटुशी किंवा अंगावर पाजणारी असेल तेव्हा. २०१५ ची अमृत आहार योजना आली ती आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी. त्या जेवणाचे मोल मी जाणते. पण मूल वाढवून झालेल्या पंचेचाळिशीच्या बाईला काय भूक लागत नाही?

म्हणून आमच्या केंद्रात आता प्रत्येकीला तीन प्रश्न विचारायचे ठरले आहे : काल काय जेवलात, किती झोपलात, घरात मारहाण होते का. डॉक्टरांनीही ते विचारावेत. रेशनवर नियमित डाळ आणि दवाखान्यात रक्ततपासणी, ही मानसिक आरोग्याचीही मागणी आहे, असे आपण ठणकावून सांगितले पाहिजे.

मावशींच्या गोळ्या चालू आहेत, रक्त तपासायला दिले आहे. निघताना मी म्हटले, "आज वरण आधी स्वतःच्या ताटात वाढून घ्या." त्या दारात थबकल्या. "ताई, गोळी घेणं सोपं आहे. हे तुम्ही घरी येऊन सांगाल का?"

पुढच्या रविवारी मी जाणार आहे.